तीन ओळींची जागा

पंचवटी, नाशिक
६ जानेवारी २०२५

चि. सौ. अनसूयेस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. किशोररावांचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पत्रावर पिनकोड नसला की ते अजून चिडतात असं तू लिहितेस, म्हणून या वेळी पिनकोड दोनदा लिहिला आहे. फोनवर माझा आवाज ऐकू येत नाही ही तुझी तक्रार जुनीच. फोन बदल. देवळ्यात चांगली दुकानं आहेत.

आता माझी तक्रार ऐक. नाताळच्या सुटीत गौरांग पुण्याहून आला होता. एका सकाळी मी भिंतीला हात लावून न्हाणीघराकडे जाताना त्याने पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला तेव्हा मी विचारलं होतं, म्हणजे कंपवात ना? ते हो म्हणाले. मग हात कापतो त्याची काळजी करा, पायांचा काय संबंध? आणि हात तरी कितीसा कापतो? चहा बशीत दोन थेंब सांडतो एवढंच. पण गौरांगने निकिता नावाच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे माझी चालण्याची आणि तोलाची तपासणी ठरवली आहे. ती ठीक निघाली तर बाबा, तुम्ही घाटावर जा म्हणतो. नाही निघाली तर वह्या शेखरच्या ताब्यात द्यायच्या आणि आम्ही दोघांनी त्याच्या बाराव्या मजल्यावर राहायला जायचं.

अनू, मी तिथे काय करू? आजोबांपासूनच्या नामावळीच्या वह्या माझ्या हाताखाली आहेत. रामकुंडावर कुणी यजमान येऊन नुसतं गावाचं नाव सांगतो, आणि मी पान उघडून त्याच्या पणज्याची सही त्याच्यासमोर ठेवतो. तो माणूस कसा बघत राहतो हे तू लहानपणी पाहिलं आहेस. चुलतभाऊ म्हणून शेखर चांगला आहे, पण त्याला पान सापडायला अर्धा तास लागतो.

तपासणी बावीस तारखेला आहे. काय विचारणार ते त्या मुलीने आधीच दाखवून ठेवलं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावलेली आहे तिथपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ती घड्याळ लावते. मग मागे उभी राहून खांदे ओढते आणि माणूस किती पावलं मागे जातो ते बघते. तू तीस वर्षं मुलांना परीक्षेला बसवलंस. याचा अभ्यास कसा करतात ते कळव.

तुझा,
दादा

—

देवळा
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोबत तिळगूळ पाठवते आहे. वहिनीला आधी दे, मग तू खा.

तुझं पत्र वाचायला यांचं भिंग घ्यावं लागलं. अरे, अक्षर आहे की मुंग्यांची रांग? वहीच्या कडेला चार पिढ्या कोंबायची तुझी सवय मला ठाऊक आहे, पण आंतर्देशीय पत्रावर कसली काटकसर करतोस? ओळ सुरू होते तेव्हा निदान वाचता तरी येतं, शेवटाला पोचेपर्यंत नुसत्या टिंबांचीच रांग. जागा वाचवण्यात तू आजोबांच्याही पुढे गेलास. आपल्या घराच्या पानावरसुद्धा माझं नाव नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालास, मुलींची नावं आपल्या वहीत लिहीत नाहीत, जागा पुरत नाही. सासरच्या वहीतही मी नुसती किशोररावांची पत्नी. असो, सणाच्या दिवसांत भांडत नाही.

परीक्षेचं म्हणशील तर मी मुलांना एकच सांगायचे, जुनी प्रश्नपत्रिका हाताखालून घालवा. तुला तर प्रश्नपत्रिका आधीच मिळाली आहे! ओसरीत तीन मीटर मोजून खडूने रेघ मार. तशीच हाताची खुर्ची ठेव. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा ऊठ, चाल, वळ, बस. वहिनीला घड्याळ धरायला लाव. आणि खांदे ओढणार हे माहीत आहे तर पाय आधीच फाकवून उभा राहा, यात काय मोठंसं.

आणखी एक. गोळी घेतल्यावर तासाभराने तुझं अंग मोकळं होतं असं वहिनी मागे म्हणाली होती. मग तपासणी नेमकी त्याच तासात पडेल असं बघ. पेपरला जाण्याआधी मी पोरांना गूळ-शेंगदाणे खायला घालायचे, त्यातलाच हा प्रकार. तू घाटावरच बसायला हवास. तू पुण्याला गेलास तर माझं माहेर कुठे राहील?

यांचा नमस्कार. प्रकृतीला जप, आणि पुढचं पत्र माणसांच्या अक्षरात लिही.

तुझी,
अनू

—

पंचवटी, नाशिक
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. अनूस,
अनेक आशीर्वाद.

अकरा सेकंद! उठून, चालून, वळून, परत बसेपर्यंत फक्त अकरा सेकंद. बाकी एका पायावर उभं राहा, जमिनीवरचं पायताण उचला, जागेवर गिरकी घ्या असलं सगळं धरून छप्पन्नपैकी बावन्न गुण. तिने खांदे ओढले तर मी एकच पाऊल मागे गेलो. तुझी शिकवणी फळाला आली. गौरांगचा फोन आला होता, ठीक आहे बाबा म्हणाला.

तुझ्यापासून काय लपवू? शेवटची गोळी कधी घेतली असं तिने विचारलं तेव्हा सकाळी सहाला असं सांगितलं. खरं तर ज्यादाची गोळी साडेनऊला रिक्षात घेतली होती. ती मुलगी कागदाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. मला पुन्हा चालायला लावलं, पुन्हा अकरा. तिच्या कपाळावरची आठी काही जाईना. घरी कसं असतं असं तिने तुझ्या वहिनीला विचारलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराचं काहीतरी सांगायला लागली तेव्हा मला खोकला आला.

पण अनू, त्या दाराचं मलाही कोडं आहे. दवाखान्यात मी सरळ गाडीसारखा चालतो. ओसरीत खडूच्या रेघेकडे बघत चालतो तेव्हाही काही नाही. आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी आलो की पाय जमिनीला कुणी खळ लावून चिकटवल्यासारखे. मनात म्हणतो चल, आणि पाय म्हणतात कुठे? मग मी तिथेच उभा राहून वहिनीला भाजी काय केली ते विचारतो, म्हणजे मुद्दाम थांबल्यासारखं दिसतं. अकरा सेकंदांत जाऊन येणारा माणूस चार बोटांच्या उंबऱ्याला का अडतो? तू शिकलेली आहेस, काही सुचलं तर सांग.

किशोररावांना आशीर्वाद.

दादा

—

पंचवटी
१४ फेब्रुवारी २०२५

चि. अनूस,
आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच.

परवा घाटावर पडलो. पायऱ्या उतरत नव्हतो, सपाटीवरच होतो, वही काखेत होती. मागून कुणी यजमानाने गुरुजी अशी हाक मारली. मी वळलो. म्हणजे डोकं वळलं, खांदे वळले, पाय मात्र होते तिथेच राहिले. कुंडाच्या अगदी कडेला आडवा झालो. फुलं विकणारी सावित्रीबाई धावली, तिने धोतराला धरून मागे ओढलं. वही अर्धी भिजली. सावित्रीबाई म्हणाली की गुरुजी, लय दिवस बघते मी, तुमचा पाय उचलतच नाय. मी तिला गप्प बसायला सांगितलं.

घरी शेवाळावरून घसरलो असं सांगितलं आहे. गुडघ्याला मार आहे, बाकी काही नाही. वहिनीला किंवा गौरांगला यातलं अक्षर कळलं तर तुला आईची शपथ आहे. मी पास झालेला माणूस आहे. मग पडलो कसा, ते मलाच कळत नाही.

दादा

—

पंचवटी, नाशिक
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अनसूयावन्सं यांस,
गोदावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी पत्र लिहिते म्हणजे तुम्हाला नवल वाटेल. बहीण-भावाच्या पत्रांत मी कधी पडले नाही. पण माझं डोकं आता चालेनासं झालं आहे आणि तुमच्याशिवाय कुणाला विचारू ते सुचत नाही.

तुमचे दादा पडले. शेवाळावरून घसरलो म्हणतात. वन्सं, माझा जन्म गोदेच्या काठचा, नावही तिचंच. हे पडले त्या कोपऱ्यावर दिवसभर माणसांची ये-जा असते, तिथे शेवाळ धरत नाही. सावित्रीबाईला विचारलं तर ती फुलं निवडत बसली, मान वर केली नाही. घरात हे दारापाशी अडतात, खाटेवर कूस बदलायला मला हाक मारतात, आणि ती हाकही मला शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही इतकी बारीक. घाटावर यजमानांना यांचं बोलणं कळत नाही. शेखरभावजी मागे उभे राहून तेच मोठ्याने सांगतात. आणि कागदावर मात्र बावन्न गुण! मी काही बोलले की कागद पुढे करतात. परवा म्हणाले, तुला मुलाकडे पुण्याला जायची घाई झाली आहे म्हणून तू माझं दुखणं वाढवून सांगतेस. एकेचाळीस वर्षं संसार केल्यावर हे ऐकून घ्यायचं? मी त्या दिवशी जेवले नाही. मग वाटायला लागलं, खरंच मला भास होतात की काय? मी खोटी की ते घड्याळ खोटं?

निकिताला मी एकटीच जाऊन भेटले. ती पण बुचकळ्यात पडली आहे. ती म्हणाली की काकू, माझे आकडे आणि तुमचं बोलणं जुळत नाही, आणि मला तुमचं खरं वाटतं, पण आकडे माझ्याच हातचे आहेत. मग तिने विचारलं, काकांचं दोन-चार वर्षांपूर्वीचं लिखाण आहे का? का हवं ते मला नीटसं कळलं नाही. वह्यांना तर हे कुणाला हात लावू देत नाहीत. तुम्ही त्यांची सगळी पत्रं पत्र्याच्या डब्यात तारीखवार ठेवता हे मला माहीत आहे. तेवढी पाठवाल का?

तुम्हाला जड जाईल. विचार करून पाठवा.

तुमची,
गोदावहिनी

—

देवळा
१ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

वहिनीचं पत्र आलं. तिने तुझी जुनी पत्रं मागितली. मी ठरवलं होतं की द्यायची नाहीत, तू शपथ घातली आहेस. पण मागितली आहेत तर निदान बघावीत म्हणून डबा उघडला आणि पलंगावर पत्रं तारखेने मांडली. शेजारची भागीबाई कांद्याची पात घेऊन आली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती पलंगाकडे बघून म्हणाली की ताई, हा माणूस लांब लांब चालला हाय का? मी म्हटलं, काय गं? तर म्हणाली की इकडून बघितलं तर अक्षर मोठं हाय आणि तिकडं जाता जाता बारीक बारीक होत गेलंय.

दादा, मी पत्रं पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिली. २०२१ चं तुझं पत्र म्हणजे नुसतं वळणदार, टपोरं अक्षर. बावीस सालापासून ते आकसत आलं आहे, आणि शेवटच्या पत्रात तर कसं म्हणून वाचायचं. मी शिक्षिका, हजारो पोरांची अक्षरं तपासली, आणि माझ्या भावाचं अक्षर डोळ्यांसमोर विरत चाललं होतं तर मी त्याला कंजूष म्हणून चिडवत बसले. तुझा आवाज बारीक झाला तर फोनला दोष दिला. वर परीक्षेत लबाडी कशी करायची तेही मीच शिकवलं. ती गोळी रिक्षात तू घेतलीस, पण सुचवली मी.

मला यातलं शास्त्र कळत नाही. अक्षराचा आणि पायांचा काय संबंध ते मी सांगू शकत नाही, आणि दाराचं कोडंही सुटलेलं नाही. डोक्यात नुसता गोंधळ आहे. पण तू कुंडाच्या कडेला पडला होतास आणि सावित्रीबाईच्या हातात धोतर आलं नसतं तर, एवढं एक मला स्पष्ट दिसतं. रोज दिसतं.

म्हणून डब्यासकट सगळी पत्रं वहिनीला पाठवते आहे. रिक्षातल्या गोळीचं आणि शपथेचं धरून. आईची शपथ मी मोडली, तिच्याशी मी बघून घेईन. तू वह्या गमावशील, कदाचित घाटही, आणि ते माझ्यामुळे होईल. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. असशील म्हणजे झालं.

तुझी,
अनू

—

पंचवटी, नाशिक
१८ मार्च २०२५

चि. सौ. वन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोनदा फोन केलात, पण त्यांच्यासमोर बोलता येत नव्हतं. आज सविस्तर लिहिते.

पत्रं निकिताकडे दिली. तिने वाचली नाहीत, आधी पट्टी घेऊन अक्षरांची उंची मोजली. मग यांना बोलावून एक ओळ लिहायला सांगितलं. ओळ संपेपर्यंत अक्षर निम्मं झालं होतं. ती म्हणाली की काका, हात जसा लिहिता लिहिता लहान होतो तशीच पावलं चालता चालता लहान होतात, आणि आवाजही. दुखणं एकच आहे. तुम्ही अकरा सेकंदांत चालता आणि अक्षर एवढं, हे मला जुळवता येत नाही. यांनी पट्टी उचलून ती ओळ स्वतः मोजली. मग त्यांनीच, मी न विचारता, रिक्षातल्या गोळीचं सांगितलं. घाटावरचंही.

निकिता रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली, सकाळी, पहिल्या गोळीच्या आधी. गौरांगही रजा टाकून आला होता. खडूची रेघ तिने ओल्या फडक्याने पुसायला लावली आणि आमच्याच खुर्चीतून, आमच्याच स्वयंपाकघरापर्यंत चालायला सांगितलं. वन्सं, मला बघवेना. सव्वीस सेकंद लागले. चौकटीपाशी ते अडले आणि या वेळी भाजीचं विचारलं नाही, तसेच उभे राहिले. वळताना चौदा पावलं टाकली. खांदे ओढले तेव्हा पाऊल मागे टाकलंच नाही, उभ्या लाकडासारखे गौरांगच्या हातांत आले. बाप एवढा हलका झाला आहे हे पोराला तेव्हा कळलं. तो न्हाणीघरात जाऊन रडला, नळ सोडून.

यांनी विचारलं, नापास ना? ती म्हणाली की यात पास-नापास नसतंच, पाय कुठे दगा देतात एवढंच बघायचं असतं. त्यावर हे म्हणाले की मग आधी सांगायचं, मी आठ दिवस अभ्यास केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो.

दाराचं कोडं थोडंफार सुटलं. समोर रेघ दिसली की पाय ती ओलांडायला उठतात, म्हणून खडूच्या ओसरीत आणि चिकटपट्टीच्या दवाखान्यात चालता येत होतं. असं का होतं ते तिने सांगितलं, मला निम्मंच समजलं. आता चौकटीपाशी तिने रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. मागून हाक आली तर जागच्या जागी वळायचं नाही, प्रदक्षिणेसारखं गोल फिरून यायचं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळाही बदलल्या. पुण्याचं तूर्त लांबलं. निकिताच म्हणाली की नव्या घराची नवी दारं आत्ता नकोत.

घाट मात्र बंद झाला. वह्या पाडव्याला शेखरभावजींकडे जायच्या. भावजी म्हणतात, यजमानांना घरी घेऊन येईन, पान दादाने काढावं, लिहीन मी.

तुमचं नाव ते काढत नाहीत, हे लपवत नाही. पण तुमचा रिकामा डबा मी माळ्यावर ठेवला होता तो त्यांनी खाली काढायला लावला. उशाशी असतो. कशाला ते विचारायचा मला धीर झाला नाही. आणि मला एक दिवस म्हणाले, तू खरं बोलत होतीस. एवढंच. मला पुरलं.

तुमची,
गोदावहिनी

—

पंचवटी
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

चि. अनू,
आशीर्वाद.

हा दुरेघी कागद आहे. तू पहिलीच्या पोरांना द्यायचीस तसला. दोन्ही रेघांना अक्षर टेकलंच पाहिजे, असा निकिताचा हुकूम. एका ओळीत चारच शब्द मावतात. म्हणून थोडक्यात.

महिनाभर तुझ्यावर रागावलो होतो. थोडा राग अजून आहे. पण पडलो ते फक्त तुलाच का कळवलं, याचा विचार केला. कुणीतरी शपथ मोडावी, असं मला वाटत असणार.

पत्रं परत पाठवतो. डबाही. पुढची त्यातच ठेव.

आज शेखरला वह्या दिल्या. त्याआधी आपल्या घराचं पान काढलं. माझ्या हातची शेवटची नोंद केली. अनसूया, एवढंच लिहिलं. बारीक लिहायचं नाही, म्हणून मोठं लिहिलं. तीन ओळींची जागा गेली. शेखर ओरडला. ओरडू दे.

लोभ वाढव म्हणायला कागद उरला नाही.

दादा